काचेवरचं कुंकू

"न्हाई, पन मला येक सांग गणराज, त्या नव्या डबड्यात असं काय हाय जे ह्याच्यात न्हाई?"

सोजराबाईनं हे विचारलं ते गेटच्या केबिनमधल्या खुर्चीवर बसूनच. गणराज स्टुलावर चढून समोरच्या भिंतीला भोकं पाडत होता आणि भिंतीचा चुना थेट तिच्या खाकी कोटावर सांडत होता. तरी ती जागची हलली नाही. खुर्ची सोडली तर परत मिळेल, याचा भरवसा तिला त्या सकाळपासून राहिला नव्हता.

"कमी-जास्त न्हाई म्हणत मी, मावशे. येगळं हाय म्हणायलो," गणराज म्हणाला.

"येगळं म्हंजे चांगलं. सरळ बोल की. मी काय रडनार हाय व्हय?"

गणराज अंबाजोगाईकडचा गडी. बोट टेकवून हजेरी लावायची मशीनं बसवत आणि दुरुस्त करत तो चाकणपासून माणपर्यंत मोटारसायकल पळवायचा. लोक त्याला मशीन बिघडल्यावरच बोलवायचे, त्यामुळं गेल्या गेल्या शिव्या खायची त्याला सवय होती. सोजराबाई मात्र त्याला आधी चहा द्यायची आणि मग शिव्या. म्हणून तिच्या गेटवर तो जरा जास्त वेळ रमायचा.

तो स्टुलावरून उतरला. केबिनच्या कोपऱ्यात सोजराबाईचा पाण्यानं भरलेला काचेचा ग्लास झाकून ठेवलेला होता. तो उचलून त्यानं तिच्या हातात दिला.

"नीट गच्च धर. आता वरून वाकून पाण्यातनं आत बघ. बोटं दिसायलीत का?"

सोजराबाईनं वाकून बघितलं. काच चांदीगत चमकत होती आणि तिच्या बोटांची रेघ न् रेघ त्या चमकेत उठून दिसत होती.

"आगं बया. नांगरून टाकल्यावानी दिसतंय."

"तुझं जुनं मशीन ह्येच करतंय. काचेखाली हिरवा दिवा हाय. बोटाची रेघ जिथं काचेला टेकती तिथला उजेड बोट पिऊन टाकतंय, तिथं काळं दिसतंय. दोन रेघांमधली खोबण काचेला टेकत न्हाई, तिथनं उजेड आरशावानी माघारी फिरतोय. खाली बारका कॅमेरा बसलाय, तो फोटो काढतोय. झालं."

"आन् ह्यो नवा जावई?"

"ह्याच्यात दिवा न्हाई, कॅमेरा न्हाई." गणराजनं नव्या मशीनवरच्या काळ्या चौकोनावर नख वाजवलं. "ह्याच्या पोटात मधाच्या पोळ्यावानी घरं हायती. डोळ्याला न दिसणारी. हर घरात चिमूटभर करंट भरून ठेवलाय. माणसाचं कातडं जवळ आलं की तो करंट हलतोय. रेघ जवळ असती, तिथं जास्त हलतोय. खोबण लांब, तिथं कमी. तेवढ्यावरनं मशीन आपलं नकाशा काढतंय."

"आंधळ्यानं चाचपल्यावानी."

"तसंच समज. पण चाचपतंय ते कातडंच. ह्याला चित्र दाखवून फसवता येत न्हाई. जुनं आपलं भोळं हाय, मावशे. काचेवर जे दिसंल त्याला बोट समजून बसतंय. म्हणून तर काच पुसत जा म्हणतो मी तुला."

सगळ्या बोलण्यातला 'भोळं' एवढाच शब्द सोजराबाईच्या कानाला चिकटला आणि तिथंच ठसठसत राहिला. तिनं विषय बदलला.

"आन् सायबाच्या फोनचं काय? ते तर नुस्त्या काचेवर बोट ठिवत्यात. तिथं ना घरं ना दिवा."

"ते तिसरंच. ते आवाजावर चालतंय. काचेखालनं आवाज सोडायचा, आपल्याला ऐकू येत न्हाई असला. बोटाला धडकून तो परत येतोय. रेघेवरनं येगळा, खोबणीतनं येगळा. तू कलिंगड घेताना टिचकी मारून बघतीस का न्हाई?"

"म्हंजे सायबाचं बोट पिकलंय का कच्चं हाय, ह्ये फोन बघतोय म्हन की."

गणराज हसत असतानाच गेटातून एक पांढरी स्कूटी आत आली. वर्षाली. टाइम ऑफिसमधली, निगडीहून येणारी. कामगारांच्या हजेरीचा सगळा हिशेब हिच्या कॉम्प्युटरवर. हेल्मेट काढता काढता ती म्हणाली, "गणराजदादा, झालं का माझं मशीन?"

माझं. सोजराबाईनं ग्लासातलं पाणी गटागटा पिऊन टाकलं.

आता सोजराबाई कोण, तर चाकणजवळच्या काळूस गावची सून. गाड्यांच्या दारांना लागणारं रबर करणारी ती कंपनी. तिच्या शेडची पहिली कुदळ पडली तेव्हा ही तिथं घमेली वाहत होती. शेड उभी राहिल्यावर बाकीच्या बाया दुसऱ्या साइटवर गेल्या. ही झाडू घेऊन तिथंच राहिली. झाडूवरून पुढं गेटवर आली, बायांच्या पिशव्या तपासायला. कंपनीनं कोट दिला तो पातळावर चढवून ती खुर्चीत बसली, आणि त्या दिवसापासून सरपंच आला तरी ती उठून उभी राहायची नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिची खुर्ची दिसायची, खुर्चीत ती दिसायची आणि तिच्या डोक्याशेजारी भिंतीवर हजेरीचं मशीन.

ते मशीन आलं तेव्हा तिचा अंगठा त्यानं घेतला नव्हता. शेतात कांदा कापताना विळा लागून अंगठ्याचा अर्धा चेहरा गेलेला. शेजारचं बोट झाडू धरून धरून गुळगुळीत झालेलं. गणराजनं तिची बोटं एकेक करून बघितली आणि शेवटी करंगळीशेजारच्या बोटावर गाडी थांबली. त्या बोटाच्या रेघा लहान पोरीच्या असाव्यात तशा कोऱ्या होत्या.

"ह्या बोटानं काय करतीस मावशे?"

"त्या बोटाला काय काम आसतंय बाबा? सकाळी कुकू लावायचं, की दिवसभर बसून खायचं."

तेव्हापासून सगळी कंपनी अंगठ्यानं हजर व्हायची आणि एकटी सोजराबाई कुंकवाच्या बोटानं. मशीनशी तिचं सूत जमलं ते असं. थंडीत कुणाचं बोट कोरडं पडलं की ती खुर्चीतून हुकूम सोडायची, "कपाळावर घास, मंग ठिव." घामाचं तेल लागलं की मशीन घ्यायचं आणि गोड बाईच्या आवाजात 'थँक्यू' म्हणायचं. मऊ फडक्यानं काच पुसायची ती हिनंच. पोरं त्याला मावशीचं मशीनच म्हणायची.

आणि आता ही वर्षाली. बोलायला गोड, हे सगळ्यात वाईट. एखादीचा राग करायचा तर तिनं थोडी मदत करायला हवी. ही "मावशी, जेवलात का?" असं विचारायची, आणि सोजराबाईच्या डब्याची चव जायची. हिची स्कूटी साहेबाच्या गाडीशेजारी सावलीत. हिची नखं दर सोमवारी वेगळ्या रंगाची. हिनं हसून काही मागितलं की हरिहर साहेब, जे सोजराबाईला नवा पंखा द्यायला दोन उन्हाळे लावणारे, ते हिला "हो बेटा, सांगतो" म्हणायचे. हरिहर साहेब म्हणजे ऑफिसातले माणसांचे साहेब. कोण कुठं बसणार हे त्यांच्या हातात.

त्यांनीच त्या सकाळी सांगितलं होतं. ऑफिसवाल्यांसाठी नवं मशीन येणार, कामगारांचं जुनं काही दिवस राहील. मग दिवाळीनंतर पुढच्या गेटवर दोघींची गरज नाही. वर्षालीचं टेबल केबिनमध्ये आणू, दोन्ही मशीनं तिच्या नजरेखाली राहतील. "मावशी, तुमचं बघू. मागच्या गेटला माणूस लागतंच. वर्षालीला जमतंय का ते आधी बघतो, मग ठरवू."

मागचं गेट म्हणजे ट्रकचं. तिथं धूळ, हॉर्न आणि ड्रायव्हर लोकांच्या पिचकाऱ्या. तिथं कोण बसलंय हे ट्रकवाल्याशिवाय कुणाला कळत नाही. पण 'जमतंय का ते बघतो' यातल्या 'का'ला सोजराबाई लोंबकळून राहिली. न जमो, एवढंच ती मनात म्हणायची. पोरीचं वाईट चिंतावं एवढी ती वाईट नव्हती. फक्त तिला हे काम न जमो.

खंडेनवमी आली. त्या दिवशी कंपनीत मशीनला हात लावायचा तो पूजेलाच. दुपारपर्यंत प्रेस, मिक्सर, फोर्कलिफ्ट, सगळ्यांना झेंडूच्या माळा पडल्या. ज्याचं मशीन त्यानं पूजा करायची, ही तिथली रीत. गेटवरच्या मशीनची पूजा दरसाल सोजराबाई करायची. यंदाही तिनं घरून पितळी ताट घासून आणलं होतं. हळद ओली करून, कुंकू पाण्यात कालवून, घट्ट. घट्ट कुंकू वाळलं तरी टिकतं.

हरिहर साहेब आले, मागं वर्षाली हिरव्या काठाच्या साडीत. साहेब म्हणाले, "यंदा नवीन मशीन आहे. पूजा वर्षालीच्या हातानं होऊ दे. दोन्हींची. मावशी, ताट धरा."

ताट सोजराबाईचं, हळद सोजराबाईची, कुंकू तिच्या हातानं कालवलेलं. आणि ती ते धरून उभी, लग्नात दुसरीच्या नवऱ्याची टोपी सांभाळावी तशी.

वर्षालीनं नव्या मशीनच्या चौकटीला हळदीचा थेंब लावला. हळद पातळ होती, तिचा एक ओघळ खाली काळ्या चौकोनावर उतरला. "अय्या," वर्षाली म्हणाली आणि हसली. साहेबही हसले. सोजराबाईच्या हातून ओघळ गेला असता तर साहेबांना ते मशीन केवढ्याचं आहे ते आठवलं असतं. मग वर्षाली जुन्या मशीनकडं वळली.

"काचेला लावू नकोस हं," साहेब म्हणाले.

"नाही सर, वर लावते." तिनं मशीनच्या माथ्यावर, जिथं दरसाल सोजराबाई लावायची नेमकं तिथं, कुंकवाचा ठिपका ठेवला. गोल, बेताचा, देखणा. ठिपका देखणा होता हेच सोजराबाईला जास्त लागलं. मग वर्षालीनं फोन उंच धरून फोटो काढला. फोटोत साहेब आले, दोन्ही मशीनं आली, सोजराबाईचे दोन हात आणि ताट आलं.

सगळे पेढ्यांना कॅन्टीनकडं गेले. मशीनं बंद करून लाइट काढली. आता दसरा झाल्यावरच कंपनी उघडणार. गेट सोडता येत नाही म्हणून सोजराबाई मागं राहिली.

ती खुर्चीवर बसली आणि मान वळवून जुन्या मशीनकडं बघत राहिली. त्याच्या माथ्यावर दुसरीचं कुंकू. ती उठली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. हात वर गेला आणि थांबला. कुंकू पुसायचं कसं? मशीनचं असलं तरी कुंकूच ते. चांगला नवरा घरी बसलाय, आणि सवाष्ण बाई सणाला कुंकू पुसणार? तेवढा धीर तिच्यात नव्हता.

पुसता येईना, आणि लावल्याशिवाय राहवेना. माथा तर अडवलेला. उरली काच.

तिनं करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि काचेच्या बरोबर मधोमध दाबलं. असं दाबलं की काच कुरकुरली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"तिचं वर आसू दे," ती मशीनला म्हणाली. "माझं काळजाला."

दसऱ्याच्या संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं, अर्जुनरावांनी, आपट्याची पानं तिच्या हातावर ठेवली आणि तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं. "आज लय खुशीत दिसती. कंपनीनं पगार वाढिवला का काय?"

"तुमाला माझं हसनं बगवत न्हाई का?"

"बगवतंय की. पन मागच्या टायमाला आशी हासली व्हतीस तवा शेजारनीची म्हस आटली व्हती."

दसऱ्यानंतरच्या सकाळी सोजराबाई सगळ्यांच्या आधी गेटवर होती. तिनं मशीनची लाइट लावली. काचेवरचं कुंकू वाळून खडखडीत झालेलं. त्याला धक्का नको म्हणून तिनं बोट काचेवर न टेकवता नुसतं वर धरलं. हिरवा उजेड आला. 'थँक्यू.' पडद्यावर नाव, सोजराबाई. बोट टेकायच्या आधीच. हिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पूजा पावली म्हणायची.

पहिल्या पाळीची रांग लागली. पुढं दत्तोबा, प्रेसवरचा जुना ऑपरेटर, तोंडानं कधी गप्प नसलेला. त्यानं कुंकू बघितलं, मान तुकवली आणि अंगठा अधांतरी धरला.

'थँक्यू.' पडद्यावर, सोजराबाई.

दत्तोबानं पडद्याकडं बघितलं, मग खुर्चीकडं. "मावशे, मी तू झालो का काय?"

"गप, नीट ठिव."

त्यानं परत धरला. परत सोजराबाई. मागचा आला, तोही सोजराबाई. त्याच्या मागचा, तोही. पूजेच्या कुंकवावर अंगठा घासायला कुणी तयार होईना. जो तो बोट नुसतं दाखवायचा, आणि मशीन गोड आवाजात सगळ्यांना एकाच नावानं हजर करायचं.

"राव, आता अर्जुनरावाला भाकरी कुनी थापायची, ते ठरवा आदी," दत्तोबा म्हणाला. "मी न्हाई. मला भाजत्यात हात."

"तुझी मिशी बगून त्येच पळून जातील घरातनं," सोजराबाई म्हणाली. ती हसत होती. मशीन सगळ्या कंपनीसमोर हिचंच नाव घेत होतं. समोर नव्या मशीननं हळदीच्या ओघळापायी वर्षालीला दोनदा 'ट्राय अगेन' ऐकवलं होतं. तिनं रुमालानं चौकोन पुसला तेव्हा कुठं तिला आत घेतलं. ज्याचं त्याला कळतंय, सोजराबाईला वाटलं. कोण आपलं, कोण उपरं.

वर्षाली ऑफिसातून धावत आली. तिच्या कॉम्प्युटरवर सगळी पाळी गैरहजर होती आणि एकच बाई सारखी सारखी कामावर येत होती. रांग गेटाबाहेर रस्त्यापर्यंत गेली. आत प्रेस थंड. हरिहर साहेब आले ते फोनवर गणराजशी बोलतच. फोन ठेवून त्यांनी काचेवरचं कुंकू बघितलं आणि चेहरा लाल केला.

"वर्षाली, काचेला लावू नको म्हणालो होतो ना मी?"

"सर, मी वर लावलं होतं. तुम्ही समोर होतात."

"मी समोर होतो तेव्हा वर लावलंस. हे कुठून आलं मग? उडून?"

"मला खरंच माहीत नाही, सर."

"आठवड्याभरात ही तऱ्हा. दोन मशीनं सांभाळणं जमत नसेल तर तसं सांग. मावशी बऱ्या होत्या. इतकी वर्षं एकदा तक्रार नाही."

मावशी बऱ्या होत्या. हे ऐकायला सोजराबाईचे कान किती दिवस उपाशी होते. वर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं तशी हिनं नजर रांगेकडं वळवली आणि विनाकारण एकाला सरळ उभं राहायला सांगितलं. खुर्ची तिला आज मांडीखाली जरा जास्त भरीव लागत होती.

गणराज म्हाळुंग्याला एका कंपनीत होता, तो तसाच आला. त्यानं मोबाइलची बॅटरी काचेवर तिरकी धरली. वाळलेल्या कुंकवात रेघा स्वच्छ उठल्या होत्या, शिक्का मारावा तशा.

"ह्या रेघा बघा सर. कुंकवात बुडवलेलं बोट कुणीतरी दाबलंय. हिरव्या उजेडात लाल रंग काळा दिसायलाय, म्हणून कॅमेऱ्याला हे सरळ बोट वाटायलंय. कुणी नुसता हात जवळ आणला की मशीन जागं होतंय, आणि अंगठा बघायच्या आधी हा ठसा बघतंय." तो नव्या मशीनकडं वळला. "तिथं लावलं असतं तर असं झालं नसतं. ते कातडं चाचपतंय. कुंकवाला त्यानं ओळख दिली नसती."

"पण नाव सोजराबाईंचं का येतंय?" साहेबांनी विचारलं.

गणराजनं बॅटरी बंद केली. कंपनीत कुंकवाचं बोट कुणाचं नोंदलंय, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्यानं सोजराबाईकडं बघितलं. तिनं ग्लासावरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं.

"कधी कधी नोंदी मिसळत्यात, सर," तो सावकाश म्हणाला. "जुनं मशीन हाय. पुसून टाकलं की झालं."

म्हणजे सुटली. सोजराबाईनं श्वास सोडला. आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की खुर्ची तिची, गेट तिचं, आणि वर्षाली आपल्या ऑफिसात परत.

"नोंदी मिसळू दे नाहीतर काही होऊ दे," साहेब म्हणाले. "पूजा वर्षालीनं केली, म्हणजे हे कुंकू वर्षालीचं. एवढं तर सरळ आहे."

वर्षालीनं रुमालानं नाक पुसलं. रांग ताटकळलेली, साहेब तापलेले, तिला हे सगळं कसंही करून संपवायचं होतं. "असेल, सर. लागलं असेल माझंच. चुकून. सॉरी."

सोजराबाईच्या कानशिलात काहीतरी सणकलं. माथा हिनं घेतला. फोटो हिनं घेतला. उद्या खुर्ची घेणार होती. आणि आता हे, बंद कंपनीत एकटीनं उभं राहून, जीव लावून काचेला लावलेलं, ज्याच्या जोरावर सकाळपासून सगळी कंपनी एका नावानं हजर होत होती, तेही हिचंच?

"न्हाई," ती म्हणाली.

सगळे वळले. सोजराबाई उभी होती. सरपंच आला तरी न उठणारी बाई खुर्ची सोडून उभी होती.

"त्ये तिचं न्हाई. माझं हाय त्ये कुकू."

"मावशे, कशाला..." गणराज पुटपुटला.

"का? माझं हाय तर माझं म्हनायचं न्हाई व्हय? मी कालिवलं, मी लावलं. समदे पेढे खायला गेल्यावर लावलं. ह्ये बोट बगा." तिनं हात वर केला. "हिला इचारा, हिच्या बोटात येवढा दम हाय का? हिचा ठिपका वर बसलाय नुस्ता. मशीननं त्याचं नाव घेतलं का येकदा तरी?"

वर्षाली तिच्याकडं बघत राहिली, आणि त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर सोजराबाईला बरं वाटलं असतं.

हरिहर साहेबांना पुरतं कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांनी आवाज चढवला नाही, हे जास्त वाईट. "म्हणजे तुम्ही सगळं माहीत असून इतका वेळ गप्प बसलात. ही पोर माझ्या शिव्या खात होती तरी."

"व्हय."

"उद्यापासून मागच्या गेटला बसा, मावशी. हे मशीन पण तिकडंच नेऊ, हमालांच्या हजेरीला. कामगारांसाठी गणराज इथं दुसरं नवं बसवेल. आणि हे आधी पुसा कुणीतरी. शिफ्ट सुरू करायचीय."

पुसायला कुणी पुढं होईना. गणराजनं पिशवीतून कापूस काढला आणि परत ठेवला. सोजराबाईच पुढं झाली. ग्लासातल्या पाण्यात बोट बुडवून तिनं काचेवरचं कुंकू हळूहळू भिजवलं, बोटावर घेतलं आणि आपल्या कपाळाला लावलं. जेवढं होतं तेवढं सगळं, दोनदा, तीनदा, कपाळ भरेपर्यंत.

"मावशी, मला पण लावा ना," वर्षाली शेजारी येऊन हळूच म्हणाली.

सोजराबाईनं ते ऐकलं नाही, म्हणजे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बोटाला राहिलेलं कुंकू तिनं कोटाला पुसलं. मग काच फडक्यानं लख्ख केली आणि बाजूला झाली.

"चला," ती रांगेला म्हणाली. "दत्तोबा, ठिव अंगठा."

'थँक्यू.' पडद्यावर दत्तोबाचं नाव आलं. "सुटलो बाबा," तो म्हणाला, पण दबक्या आवाजात.

मागच्या गेटला खुर्ची नाही, एक प्लास्टिकचं स्टूल आहे. मशीन पत्र्याच्या खोपटात खांबाला बसवलंय. तिथून पुढचं गेट दिसतं ते ट्रकांच्या फटीतून. एकदा तशाच फटीतून सोजराबाईला दिसलं, की केबिनमध्ये वर्षालीनं तिच्या खुर्चीवर फुलाफुलांची उशी टाकलीय. एवढी वर्षं ती उघड्या प्लास्टिकवर बसली, उशी टाकावी हे आपल्याला का सुचलं नाही, या विचारानं तिचा सगळा दिवस कडू गेला. उशी काढून दुसऱ्या रंगाची टाकली की तेही तिला लांबून कळतं. खोपटाच्या खिळ्याला तिनं घरची एक जुनी वाकळ अडकवून ठेवलीय, स्टुलावर टाकायला, पण ती वर्षालीचं बघून टाकली असं होईल, म्हणून अजून टाकलेली नाही.

काल सकाळी हमालांची टोळी आली. हवेत गारवा होता, पुढच्या माणसाचा अंगठा मशीन घेईना. 'ट्राय अगेन,' मशीन म्हणालं. 'ट्राय अगेन.'

"नवीन मशीन मागवा ना मावशी, पुढच्या गेटला हाय तसलं," तो म्हणाला.

"त्या मशीनला काय सोन्याचे दात हायती?" सोजराबाई स्टुलावरून उठली. "कपाळावर घास अंगठा. तसा न्हाई, जोरानं. आता ठिव."

'थँक्यू.'

तिनं फडकं काढून काच पुसली. बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेना, तशी ती गेटाची साखळी सोडवायला गेली.